चाकूरच्या मावशीचे गुडघे

आई,

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतीस तेव्हाही फारशी लिहिली नव्हती, तेव्हा तुला तक्रारीला जागा नाही. आज लिहायला बसलो त्याचं निमित्त आपले पाळकसाहेब. हे तुझ्यानंतरचे चौथे. वयानं माझ्या विद्यार्थ्यासारखे, मोटारसायकलवर येतात, आणि मंडळीत तीस डोकी असली तरी माइकशिवाय प्रार्थना करत नाहीत. देव लांब राहतो असा त्यांचा समज असावा. येत्या रविवारी उपासनेनंतर मी तरुणांपुढे बोलावं अशी त्यांची आज्ञा आहे. विषय, मोबाईल आणि ख्रिस्ती तरुणाची ओळख. म्हणाले, ‘सर, तुम्ही रोज पोरांत असता, तुमच्याशिवाय कोण बोलणार?’ मी मान डोलावली. घरी येऊन वही काढली, वर विषय लिहिला, खाली पट्टीनं रेघ मारली. त्या रेघेखाली तीन दिवस काही उतरलं नाही. आज उतरतंय ते हे.

मी नांदेडातच आहे. कॉलेजात अकरावी-बारावीला संस्कृत शिकवतो. पोरं संस्कृत घेतात ती गुण चांगले पडतात म्हणून. परवा एक सुभाषित फळ्यावर लिहिलं तर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, हे माझ्या फोटोखाली टाकायला चालेल का?’ मी म्हटलं, फोटो कसला आहे त्यावर आहे. सुभाषित निंदेबद्दल होतं. कॉलेजात मला मागून ‘फादर’ म्हणतात आणि चर्चमध्ये तोंडावर ‘शास्त्रीबुवा’. दोन्हीकडे मी दुसऱ्या घरून आलेला पाहुणा. हे सगळं तुझं करणं. आठवीत वर्गशिक्षिकेनं तुला समजावलं होतं की तुमच्या पोराला संस्कृत कशाला, झेपणार नाही; तेव्हा तू पदर सावरून म्हणालीस, ‘शिकू द्या की बाई. आमच्या देवाला समद्या भाषा येत्यात.’ त्या बाईंनी माझं नाव लिहून घेतलं, आणि मला पाठ करायला पुष्कळ मिळालं.

आपण तेव्हा लातूरला. तू मिशनची बायबलबाई. आजच्या पोरांना हा शब्द सांगावा लागतो: गावोगाव जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगणारी. रेणापूर, चाकूर आणि त्यांच्या आसपासच्या वाड्या तुझ्या पायाखालच्या. सुट्टीत मी तुझी पिशवी धरायला यायचो, म्हणून तुझी रीत मला ठाऊक आहे. तू कुणाच्या अंगणात जाऊन पुस्तक उघडत नव्हतीस. बाई तूर पाखडत असली तर दुसरं सूप घेऊन बसायचीस. खडे निवडायचीस, तिच्या सासूच्या कागाळ्या ऐकायचीस, आणि तिनं आपणहून ‘तुमच्या पिशवीत काय हाय ओ?’ विचारल्याशिवाय येशूचं नाव काढायची नाहीस. कधी कधी कुणीच विचारायचं नाही. मग आपण तूर निवडून परत. मी वैतागून म्हणायचो, आज काहीच झालं नाही. तू म्हणायचीस, ‘झालं की. चार पायल्या तूर झाली.’

महिन्याच्या शेवटी मिशनला अहवाल द्यावा लागे. छापील कागद, त्यात गाव, घरं, ऐकणाऱ्या बायका असे रकाने. माझं अक्षर बरं म्हणून तू सांगायचीस आणि मी भरायचो. बारा वर्षांचा होतो. एका महिन्यात ऐकणाऱ्या बायका झाल्या चार. मला तो आकडा फार केविलवाणा वाटला. शेजारच्या भागातल्या बायबलबाईच्या कागदावर शंभराच्या खाली काही नसायचं. मी चारापुढे शून्य काढलं. तुला वाचता येत होतं हे घाईत विसरलो. तू ओरडली नाहीस. माझा हात धरून थेट मिशनच्या ऑफिसात नेलंस, मोठ्या बाईसाहेबांच्या टेबलापुढे उभं केलंस आणि म्हणालीस, ‘बाईसाहेब, चारच हायत. त्यातली एक बहिरी हाय. तिला धरायचं का न्हाई ते तुमी बघा.’ बाईसाहेब हसल्या, खोडून दिलं. परतीच्या वाटेवर मला वाटलं सुटलो. तर वळणावर थांबून तू विचारलंस, ‘देवाला चार ठावं हायत. मला चार ठावं हायत. मग चाळीस कुणासाठी ल्हिलंस?’ मी चाळिशी ओलांडली, पन्नाशीही ओलांडली, पण उत्तर अजून द्यायचंच आहे.

आता तुझ्या नातीचं सांगतो. तू तिला पाहिलं नाहीस. एकोणीस वर्षांची आहे, लातूरला वसतिगृहात राहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते, दुसऱ्यांदा. तुझी सून जाऊन सहा वर्षं झाली. तुमची दोघींची तिकडे गाठ पडलीच असेल, तेव्हा तिच्या आजाराचं मी पुन्हा लिहीत नाही. ती होती तोवर घरात लेक आईशी बोलायची आणि आई माझ्याशी. दुभाषी गेल्यावर कळलं की आम्हा बापलेकीला एकमेकांची भाषा येतच नाही. रोज सकाळी फोन करतो. जेवलीस का. हो. अभ्यास. चालू आहे. ठेवू का. ठेवा. संस्कृत सूत्रंसुद्धा याच्यापेक्षा ऐसपैस असतात.

गेल्या वर्षी पहिल्यांदा परीक्षा हुकली तेव्हा लातूरच्या मंडळीत, तरुणांच्या सभेत, तिनं उभं राहून साक्ष दिली. मी हरले, खूप रडले, पण प्रभूनं मला उचललं. दोन मिनिटांची. खरी होती, आई. मी तिथं होतो, शेवटच्या बाकावर. कुणीतरी ती मोबाईलवर टिपली आणि जगाला दाखवली. तुझ्या काळी साक्ष देणाऱ्याला फार तर शेवटी चहा मिळे. हिला आठवड्यात अकरा हजार माणसं मिळाली. प्रत्येकाचं हृदयाचं चिन्ह, प्रत्येकाचं आमेन. आणि ती माणसं पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन बसली: आता काय? आता काय म्हणजे पुन्हा पडणं आलं आणि पुन्हा उचललं जाणं आलं. वसतिगृहाच्या गच्चीवर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, केस एका खांद्यावर घेऊन माझी मुलगी दर आठवड्याला हरू लागली आणि दर आठवड्याला सावरू लागली. साक्ष म्हणजे जे घडलं ते सांगणं. इथं सांगायचं आहे म्हणून घडवणं सुरू झालं.

म्हातारी माणसं म्हणतात, पोरं स्वतःच्या प्रेमात पडलीत. मला वर्गात तसं दिसत नाही. माळेगावच्या जत्रेत हात सुटलेलं लेकरू बघितलंयस ना तू? दर येणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. रडायचंही विसरतं, नुसतं बघतं, मी तुमचं का? तसं. माणूस देवाच्या प्रतिरूपानं घडला हे आपण पोरांना रविवारच्या शाळेत पहिल्याच धड्याला शिकवतो आणि मग विसरतो. पोरांना कुणाचं तरी प्रतिरूप व्हायचंच आहे. आपण कुणाचं ते सांगितलं नाही, तर ती अकरा हजार जणांना विचारतात, आणि अकरा हजार जण अकरा हजार उत्तरं देतात.

हे रविवारी बोलता येईल. पुढचं येणार नाही.

सुरुवातीला मी तिच्या एका व्हिडिओखाली चार शब्द लिहिले होते. कौतुकाचेच, फक्त शेवटी, ‘आशिर्वाद’मधली शी दीर्घ हवी, एवढं जोडलं. तिनं मला तिथून काढूनच टाकलं. फोनवर म्हणाली, ‘पप्पा, सगळ्यांसमोर? तुम्ही कॉलेजातच राहा.’ मग तिच्या एका व्हिडिओखाली कुणीतरी घाण लिहिलं. तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले लोक, असं काहीबाही. तुला हे शब्द नवे नाहीत, तू अंगणाअंगणात ऐकलेत. पण तुला ते एका वेळी एकच तोंड म्हणायचं. वसतिगृहाच्या बाईंचा मला फोन आला की पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी फोन केला. जेवलीस का. हो.

त्या दिवशी मी चूक केली. मोबाईलवर दुसरं खातं उघडलं. फोटोच्या जागी दारातली बोगनवेल लावली. गाव चाकूर लिहिलं, आणि एक मावशी तयार केली: विधवा, मंडळीतली, लिहायला-वाचायला बेताची. तिच्या तोंडी बोली तुझी घातली. आयुष्यभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा हा माणूस दर ओळीला ठरवून चुका करत होता, आणि चुका चांगल्या जमल्या. ‘लेकरा, आमाला बी लई बोलले लोक. तू आदी जेव. मग रड.’ एवढंच लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘जेवले मावशी.’ आणि मग तिनं मावशीला खासगीत लिहायला सुरुवात केली.

काय लिहायची! पानंच्या पानं. वसतिगृहातली मैत्रीण बोलेनाशी झाली ते. आईची साडी पेटीतून काढून वास घेते ते. माझ्याबद्दलसुद्धा: पप्पांना मी दिसत नाही, माझ्या चुका दिसतात. मी नांदेडच्या घरात, चहा निवत ठेवून, ते वाचायचो आणि मावशीच्या वतीनं उत्तर द्यायचो, ‘बाप लोक आसेच आसत्यात.’ त्या बाईचा मला हेवा वाटू लागला होता. सकाळी मला ‘हो’ मिळायचा आणि तिला दुपारी काळीज.

एक दिवस तिनं लिहिलं, ‘मावशी, एक सांगू? मला प्रार्थना येईना झालीय. कॅमेरा चालू असला की शब्द येतात, छान येतात. बंद केला की काहीच नाही. डोळे मिटले की मलाच मी दिसते, वरून घेतल्यासारखी. मी कोणाशी बोलून राहिले तेच कळत नाही.’

आई, हे वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. आपल्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा होती. तिथं तोंड भिंतीकडे करून, डोक्यावर पदर घेऊन तू बसायचीस. मी विचारायचो, काय मागितलंस? ‘ते तुझं काम न्हाई.’ परीक्षेच्या दिवशी विचारलं, माझ्यासाठी मागितलंस का? तेव्हाही तेच. मला राग यायचा. दार लावून गुपचूप बापाशी बोलावं असं शास्त्र सांगतं हे मी नंतर कैकदा वाचलं, शिकवलं. पण बंद दार म्हणून मला आठवते ती तुझी पाठ.

तीन दिवस विचार करून मावशीनं उत्तर दिलं. ‘माझे गुडगे लई दुकत्यात. रोज सकाळी माझ्या गुडग्यासाठी येकदा मागत जा. व्हिडो काडू नको. कुनाला सांगू नको. केली का न्हाई ते मला बी सांगू नको.’

पुढे महिनाभर तिनं त्याविषयी चकार शब्द काढला नाही. व्हिडिओ मात्र कमी झाले. आठवड्याचे पंधरवड्यावर गेले. मग एक दिवस: ‘तुम्ही सांगू नको म्हणालात तरी सांगते. रोज करते. आधी फक्त गुडघेच यायचे. आता गुडघ्यांनंतर बाकीचंही येतं. मावशी, माझी मीच मला दिसणं थांबलंय. मी येत्या रविवारी चाकूरला येऊन राहिले, तुम्हाला बघायला. स्टँडवर कुणाला तरी पाठवाल का?’

मी पाठवलं. मलाच.

जायचं नाही, खातं बंद करावं, मावशी अचानक सोलापूरला भावाकडे गेली असं कळवावं, असे सगळे मार्ग मी पाहून ठेवले होते. खरं सांगितलं तर तिची ती एकुलती खरी प्रार्थना मोडणार. नाही सांगितलं तर ती जन्मभर एका नसलेल्या बाईला देवापुढे उभी करणार, आणि ते मी बघत बसणार. अहमदपूरच्या पुढे बस खड्ड्यांत लागली तेव्हा ठरलं की सांगायचं. का ठरलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

रविवारचा स्टँड, दुपारी बाराचा. लातूरच्या बसमधून ती उतरली. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. मला बघून थबकली.

‘पप्पा? तुम्ही इथं कसं?’

‘बस जरा.’

‘नाही, मला जायचंय एकीकडं. इथल्या एक मावशी हायत...’ मग तिचा चेहरा उजळला. ‘तुम्ही ओळखता का त्यांना? आजी यायची ना चाकूरला. कशा हायत त्या? चालता येतं का?’

‘येतं,’ मी म्हणालो, आणि खिशातून मोबाईल काढून तिच्यापुढे बोगनवेल धरली.

तिनं मोबाईल हातात घेतला, वर सरकवलं, खाली सरकवलं. स्वतःचीच पत्रं. मग बाकावर माझ्यापासून हातभर लांब बसली. रडली नाही. रडली असती तर मला काही करता आलं असतं.

‘सगळं वाचलं तुम्ही.’

‘हो.’

‘आईच्या साडीचं पण.’

‘हो.’

समोर एक बाई पेरू कापून त्याला तिखटमीठ लावत होती. तिच्याकडे बघत ती म्हणाली, ‘त्यातलं खरं काय होतं मग?’

‘गुडघे. गुडघे माझे आहेत.’

तिनं खाली पाहिलं, माझ्या पायांकडे. ‘कवापासून?’

‘दोन वर्षं झाली.’

‘मला का नाही सांगितलं?’

गुडघ्याचा संस्कृत शब्द जानु, तो सगळ्या विभक्त्यांत, तिन्ही वचनांत चालवून दाखवणारा हा माणूस, आई; ‘गुडघा दुखतो गं’ एवढं वाक्य त्याला पोरीपुढे जुळवता आलं नव्हतं.

‘मी चौतीस दिवस केली प्रार्थना,’ ती म्हणाली. ‘एकटीनं. कुणालाच न सांगता. जन्मात पहिल्यांदा. आणि ती बाईच नव्हती, पप्पा.’

‘ज्याच्याकडे केलीस तो होता,’ मी म्हणालो. मला ते बरोबर वाटलं होतं, अजूनही वाटतं.

ती माझ्याकडे वळली. ‘हे तुम्ही बोलून राहिलात का मावशी?’

मला खरंच माहीत नव्हतं. तिला ‘तू कोण’ हे शिकवायला निघालेला माणूस, बावन्नाव्या वर्षी, चाकूरच्या स्टँडवर, मी कोण ते सांगू शकला नाही.

लातूरची बस लागली. ती उठली, पिशवी बाकावर ठेवली. ‘बंद करा ते खातं. आत्ता.’ मी मोबाईलवर बोट फिरवलं, म्हणालो, ‘झालं.’ तिनं वाकून पाहिलं नाही. ‘बरं,’ म्हणाली आणि बसमध्ये चढली. खिडकीची जागा मिळाली होती तिला, पण ती माझ्या बाजूची नव्हती. पिशवीत तेलाची बाटली आणि गुडघ्याचा पट्टा होता. बायकी मापाचा नव्हता. तिला अंदाज नसावा, मोठाच आणला होता. मला बसतो.

याला एकोणीस दिवस झाले. तिनं एकही व्हिडिओ टाकलेला नाही. लोक खाली विचारतात, ताई कुठे आहात, पुढची साक्ष कधी. मी सकाळी फोन करतो. उचलते. जेवलीस का. हो. काल मात्र ठेवण्याआधी एक क्षण थांबली, आणि मला वाटलं आता गुडघ्यांचं विचारेल. पण तिनं ठेवला. ती अजून मागते का नाही, कुणासाठी मागते, मला काही ठाऊक नाही आणि विचारायचा हक्क मी स्वतःच घालवला. कदाचित हे असंच हवं. तू गेलीस तरी मला कळलं नाही तू काय मागायचीस, आणि मी त्यावरच वाढलो. पण तुझी पाठ तरी दिसायची, आई. हिची पाठ लातूरला आहे.

हे पत्र तुझ्या कबरीपर्यंतही येणार नाही. वहीतच राहील, त्या रेघेखाली. रविवारी तरुणांना काय सांगायचं ते पाहीन. एक गोष्ट तेवढी तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मी ‘झालं’ म्हणालो तेव्हा झालं नव्हतं. नुसता पडदा काळा केला होता. खातं अजून उघडं आहे. त्यात तिची मावशीला लिहिलेली सगळी पत्रं आहेत, आणि माझ्या मुलीनं मला लिहिलेलं दुसरं काहीही माझ्यापाशी नाही.